कामाचा भार आणि आत्मघात : जपानातील शंभर वर्षांची हकीकत

कर्त्या पुरुषाला धंद्याची काळजी खाते आणि बाईला घरचे दुःख खाते, ही समजूत आपल्या सुशिक्षित घरांतून इतकी रुळलेली आहे की, ती कोणी मुद्दाम मांडीत नाही आणि म्हणूनच कोणी तपाशीतही नाही. एखाद्या गृहस्थाने आत्मघात केल्याची वार्ता आली म्हणजे ऐकणारा प्रथम विचारतो, ‘नोकरीत काही बिघडले होते काय?’ वार्ता बाईची असली तर प्रश्न सासरविषयी निघतो. मग ती बाई एखाद्या कचेरीत रोज दहा तास राबत का असेना. ही समजूत केवळ ओसरीवरच्या गप्पांतली आहे असेही नव्हे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्केम याने १८९७ साली आत्महत्येवर जो सुप्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात एका स्त्रीमागे सरासरी चार पुरुष आत्महत्या करतात असे सांगून त्याने कारण दिले ते असे की, सामुदायिक जीवनात स्त्रीचा शिरकाव कमी, सबब त्या जीवनाचे बरेवाईट परिणामही तिला कमी बाधतात. बाजार, कचेरी आणि कारखाना ही पुरुषाची रणभूमी. तेव्हा तिथल्या जखमाही त्याच्याच, असा याचा सरळ अर्थ होतो.

दुर्केमचा ग्रंथ पॅरिसात छापला जात होता त्याच सुमारास जपानातील कापसाच्या व रेशमाच्या गिरण्यांत जे कामगार राबत होते, त्यांत बहुसंख्य मुली होत्या. आम्हांस जपानचा इतिहास येथे घ्यावासा वाटतो तो यासाठी की, कामाने माणूस कसा खचतो याचा विचार त्या देशाइतका, कायद्याच्या आणि न्यायालयाच्या अंगाने, फार थोड्या देशांत झालेला आहे. आणि त्या विचारात स्त्री कोठे दिसते व कोठे दिसेनाशी होते, हे तेथे वर्षवार पाहता येते.

पुढे जाण्यापूर्वी आकड्यांविषयी एक गोष्ट सांगून ठेवणे अवश्य आहे. आत्महत्येने मरणाऱ्यांत पुरुष अधिक, हे बहुतेक सर्व देशांत खरे आहे. परंतु जीव द्यावा असा विचार मनात येणे आणि तसा प्रयत्न करणे, या दोन्ही गोष्टी पुष्कळ देशांत स्त्रियांमध्ये अधिक आढळतात. म्हणजे केवळ मृत्यूंची यादी पुढे ठेवून दुःखाचे माप घेऊ लागलो, तर स्त्रियांच्या वाट्याचे दुःख त्या मापात नेहमीच कमी भरणार. आणि कामाचा ताण मनुष्यास तडक मृत्यूकडे नेत नाही. मध्ये बहुधा विषण्णतेचा आजार असतो, आणि तो वेळीच ओळखला तर बरा होण्याजोगा असतो. ही मधली पायरी ध्यानात ठेवूनच पुढील हकीकत वाचावी.

मेइजी काळातील जपानला यंत्रे आणि युद्धनौका घेण्यासाठी परकीय चलन हवे होते आणि ते मुख्यतः रेशमाने मिळवून दिले. नागानो प्रांतात सुवा सरोवराच्या काठी रेशीम उकलण्याच्या गिरण्या दाटीने उभ्या राहिल्या. डोंगरापलीकडच्या गरीब खेड्यांतून मुली आणावयाच्या. करारावर सही-शिक्का बापाचा. आगाऊ रक्कम बापाच्या हाती. आणि ती फिटेपर्यंत मुलीने गिरणी सोडावयाची नाही, अशी रीत होती. दिवसाचे तेरा-चौदा तास काम. पण तासांपेक्षाही जाचक होती ती मजुरी ठरविण्याची पद्धत. प्रत्येक मुलीचे सूत रोज तपाशीत. सरासरीहून सरस भरले तर बक्षीस, कमी भरले तर दंड. आणि मजुरीची एकूण रक्कम मात्र आधीच ठरलेली. अर्थात् एका मुलीचे बक्षीस म्हणजे शेजारी बसलेल्या दुसरीचा दंड. आपण आपल्या गतीने चांगले काम केले, एवढ्याने तेथे भागत नसे. मैत्रिणीहून चांगले करावे लागे, आणि तेही रोज. आजच्या कचेऱ्यांतून माणसांची प्रतवारी लावण्याच्या ज्या युक्त्या मोठ्या नव्या म्हणून मिरवितात, त्या त्या वाफाळलेल्या शेडमध्ये पूर्णत्वास पोहोचलेल्या होत्या.

कापसाच्या गिरण्या रात्रंदिवस चालत. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या; दिवसपाळीच्या मुली उठल्या की त्याच अंथरुणावर रात्रपाळीच्या येऊन निजावयाच्या. वसतिगृहांच्या दारांना कुलपे असत. १९०३ साली तेथील शेती व व्यापार खात्याने गिरणी-कामगारांच्या स्थितीचा एक विस्तृत अहवाल सिद्ध केला; त्यात मुलींच्या तोंडच्या जबान्या आहेत. त्यावरून फॅक्टरी कायदा व्हावयास १९११ साल उजाडले, अंमलात यावयास १९१६, आणि स्त्रियांची रात्रपाळी खरोखर बंद व्हावयास १९२९ सालचा जुलै महिना. या दिरंगाईशी आपल्या मुंबईचाही संबंध येतो. वॉशिंग्टन येथे १९१९ साली भरलेल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेत स्त्रियांच्या रात्रपाळीस बंदी करण्याचा ठराव झाला. त्या परिषदेस हिंदुस्थानच्या कामगारांतर्फे आपले ना. म. जोशी गेले होते. मुंबईचे गिरणीमालक पुढे तक्रार करू लागले ती ही की, आम्हांस बायकांना रात्री कामास लावण्याची बंदी, आणि जपानी गिरण्या मात्र आमच्याच देशचा कापूस नेऊन त्यांच्या रात्रपाळीवर स्वस्त कापड काढतात. आणि १९२७ च्या टॅरिफ बोर्डाने ही चढाओढ अन्याय्य असल्याचे मान्य केले. मालकांच्या या कळवळ्यात जपानी मुलींविषयीचा भाग किती आणि भावाविषयीचा किती, हे वाचकांनीच ठरवावे.

या मुलींच्या मृत्यूंचा हिशेब प्रथम ज्याने लावला तो इशिहारा ओसामु नावाचा वैद्यक अधिकारी. गिरणीच्या वहीत मृत्यू थोडेच दिसत. कारण मुलगी खंगू लागली की तिला गावी धाडीत, आणि गिरणीच्या लेखी ती ‘काम सोडून गेलेली’ ठरे. इशिहाराने गावी परतलेल्यांचे काय झाले याचा माग काढला आणि १९१३ साली वैद्यांच्या सभेपुढे मांडून दाखविले की, या मुली घरी जाऊन मरत आहेत, आणि बहुतेक क्षयाने. त्याचा शोध क्षयाविषयी होता; परंतु त्याने जी गोष्ट उघड केली ती आमच्या विषयासही तंतोतंत लागू पडते. कामाने झालेली इजा घरी जाऊन प्रकट झाली, तर ती घरची समजली जाते.

जीव दिलेल्या मुलींच्या आठवणी सुवा परिसरात पुढे कित्येक वर्षे लोक सांगत. यामामोतो शिगेमी या लेखकाने शेकडो वृद्ध स्त्रियांना भेटून त्या काळच्या हकीकती गोळा केल्या आणि १९६८ साली प्रसिद्ध केल्या. त्यांत छळाच्या कथा आहेतच. परंतु बहुतेकींनी असेही सांगितले की, गिरणीतले जेवण घरच्यापेक्षा बरे होते आणि घरचे काम गिरणीहून काही हलके नव्हते. हा पुरावा गैरसोयीचा आहे, आणि म्हणूनच आम्हांस तो फार मोलाचा वाटतो. गिरणी म्हणजे नरक आणि घर म्हणजे विसावा, ही वाटणी त्या बायकांनी स्वतः कधी केलेलीच नव्हती.

याच कथेतील एका जोडप्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून आमच्याने पुढे जाववत नाही. होसोई वाकिझो हा स्वतः गिरणीत वाढलेला मजूर. त्याने गिरणीतील मुलींच्या दुःखाचा जो इतिहास लिहिला, ‘जोको आइशी’, तो १९२५ च्या जुलैत प्रसिद्ध झाला, ऑगस्टात तो वारला, वय अठ्ठावीस. पुस्तक लिहिले जात असता घर चालत होते ते त्याची सहचरी तोशिओ हिच्या गिरणीतील मजुरीवर. ग्रंथ गाजला, आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. परंतु दोघांचा विवाह सरकार-दरबारी नोंदलेला नसल्यामुळे ग्रंथाच्या उत्पन्नावर तिचा हक्क राहिला नाही. त्या पैशातून पुढे चळवळीतील अनामिक सैनिकांसाठी तोक्योत समाधी उभारली गेली. तोशिओ मजुरी करीत, मुले वाढवीत जगली, आणि १९८० साली, वृद्धपणी, तिने आपले स्वतःचे पुस्तक लिहिले : ‘माझी जोको आइशी’.

महायुद्धानंतर चित्र पार पालटले. १९४७ च्या श्रमविषयक कायद्याने स्त्रियांना रात्रपाळी बंद केली आणि त्यांच्या जादा कामाला दिवसास दोन, आठवड्यास सहा व वर्षास दीडशे तास अशी मर्यादा घातली. पुरुषांना तशी मर्यादा नव्हती. पुढील तीस-चाळीस वर्षांत जी व्यवस्था जमली तिचे वर्णन थोडक्यात असे : नवरा कंपनीचा, बायको घराची. तो पहाटेच्या गाडीने जाई, मध्यरात्री येई. त्याचे कपडे, जेवण, मुलांचे शिक्षण, त्याच्या म्हाताऱ्या आईबापांची शुश्रूषा हे सर्व ती पाही. मुलींनी लग्न होताच नोकरी सोडावी असा दंडक असे. त्याच्या चौदा तासांच्या दिवसाचा पाया तिचा दिवस होता. परंतु वेतनपत्रक एकाच्याच नावाचे निघे.

या पुरुषांपैकी काही तिशी-चाळिशीतच हृदयविकाराने व मेंदूतील रक्तस्रावाने कोसळू लागले, तेव्हा वैद्य उएहाता तेत्सुनोजो व त्याचे सहकारी यांनी त्या मरणास ‘कारोशी’, म्हणजे अतिश्रमाने आलेला मृत्यू, असे नाव रूढ केले. १९८८ साली वकिलांनी अशा कुटुंबांसाठी दूरध्वनीवरून सल्ला देण्याची सोय केली. दूरध्वनी करणाऱ्यांत विधवाच फार. १९९१ साली या कुटुंबांची देशव्यापी संघटना झाली. पतीने किती तास काम केले हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर, आणि कागद सारे कंपनीच्या कपाटात. तो घरी केव्हा आला, जेवला की तसाच निजला, रविवारी कोणाचा दूरध्वनी आला, अशा घरच्या आठवणींतून तास जुळवावे लागत. पुरुषांच्या श्रमाचा इतिहास तेथे बायकांनी लिहिला असे म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाही.

१९९७ च्या नोव्हेंबरात होक्काइदो ताकुशोकू ही बँक आणि यामाइची ही रोख्यांची जुनी पेढी, दोन्ही एकाच महिन्यात बुडाल्या. त्या वर्षी जपानात आत्महत्येने २४,३९१ माणसे गेली होती. पुढल्या वर्षी, १९९८ साली, ३२,८६३ गेली. पुरुषांचा आकडा १६,४१६ वरून २३,०१३ वर, स्त्रियांचा ७,९७५ वरून ९,८५० वर. पुरुषांत वाढ शेकडा चाळीस, स्त्रियांत शेकडा तेवीस. यानंतर सलग चौदा वर्षे हा आकडा तीस हजारांच्या खाली आला नाही. दुर्केमचे म्हणणे येथे खरे ठरले असे कोणासही वाटेल. आणि पुरुषांपुरते ते खरेही आहे. ज्याला लहानपणापासून ‘तू म्हणजे तुझी नोकरी’ असे शिकविले, त्याची नोकरी गेली की मागे फारसे काही उरत नव्हते, आणि रडण्याची तर त्यास सवयच नव्हती. परंतु स्त्रियांची ती तेवीस टक्के वाढ कोठून आली, हा प्रश्न त्या काळी फारसा कोणी विचारल्याचे दिसत नाही.

न्यायालयाचा मोठा निर्णय याच सुमारास झाला. डेन्त्सू या जाहिरातीच्या बलाढ्य कंपनीत १९९० च्या एप्रिलात लागलेला एक तरुण १९९१ च्या ऑगस्टात आत्महत्या करून गेला, वय चोवीस. त्याने स्वतः भरलेल्या तक्त्यांत जादा तास थोडे दिसत होते. खरे तास उघड झाले ते इमारतीत रात्री फेरी घालणाऱ्या पहारेकऱ्याच्या नोंदींवरून. तोक्योच्या जिल्हा न्यायालयाने १९९६ साली आईबापांच्या बाजूने निकाल दिला. वरच्या न्यायालयाने कंपनीचा दोष मान्य केला, पण भरपाई शेकडा तीसने कापली. कारणे दोन : मुलाचा स्वभाव अति काटेकोर व जबाबदारी ओढवून घेणारा होता, आणि घरी राहणाऱ्या आईबापांनी त्यास सावरावयास हवे होते. २४ मार्च २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही कपात रद्द केली. कामसू माणसाचा कामसूपणा, जोवर तो सर्वसाधारण माणसांत आढळतो त्या मर्यादेत आहे, तोवर मालकाने त्याच्याविरुद्ध वापरता कामा नये. आणि कामाची व्यवस्था मालकाच्या हाती असता आईबापांनी ती कशी बदलावी? आम्ही कायद्याचे पंडित नव्हे. तथापि गुणालाच दोष ठरविण्याच्या युक्तिवादास इतके स्पष्ट उत्तर दिलेले आमच्या वाचनात क्वचितच आले आहे.

इकडे स्त्रिया पुन्हा कचेऱ्यांत येत होत्या. समान संधीचा कायदा १९८५ साली झाला व १९८६ च्या एप्रिलपासून लागू झाला. कंपन्यांनी त्याला उत्तर म्हणून दोन वाटा आखल्या : एक बढतीची, एक दुय्यम कामाची. बढतीच्या वाटेवर स्त्रीस मज्जाव नव्हता. अट एवढीच की तिने पुरुषासारखे काम करावे. पुरुषासारखे म्हणजे, घरी बायको असलेल्या पुरुषासारखे! ही अट मात्र कोणी लिहून ठेवली नाही. १९९९ च्या एप्रिलपासून स्त्रियांच्या जादा कामावरील जुनी बंधनेही गेली. समतेच्या नावाने स्त्रीवरील मर्यादा काढली. पुरुषावर मर्यादा घातली असती तरीही समता झालीच असती, पण ती वाट त्या वेळी घेतली गेली नाही.

२०१५ च्या एप्रिलात तोक्यो विद्यापीठाची एक पदवीधर मुलगी त्याच डेन्त्सू कंपनीत लागली. त्या वर्षीच्या २५ डिसेंबरास तिने आत्महत्या केली. तिचेही वय चोवीस. तिनेही आपले जादा तास सत्तरच्या मर्यादेच्या आत दाखविले होते. प्रवेशद्वारावरील नोंदींवरून सरकारी चौकशीत एका महिन्याचे सुमारे १०५ तास ठरले. पहिल्या तरुणाच्या प्रकरणाशी साम्य इतके की, मधली चोवीस वर्षे गेलीच नाहीत असे वाटावे. भेद एकच, पण तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. तिने मित्रमंडळींसाठी लिहून ठेवलेल्या मजकुरावरून दिसते की, तिला केवळ कामावरून नव्हे तर रूपावरूनही बोलणी बसत : केस विसकटलेले, डोळे लाल, अशा अवताराने कामावर येऊ नये, बाईपणाचा गोडवा अंगी नाही. रात्रभर जागविणारे आणि सकाळी तजेलदार चेहरा मागणारे, दोघे एकच. तरुण पुरुषाकडून कंपनीने त्याचे तास घेतले. तिच्याकडून तास घेऊन वर ते घेतल्याची खूण चेहऱ्यावर दिसू नये, अशीही अपेक्षा ठेवली.

सरकारने २०१६ च्या सप्टेंबरात हा मृत्यू कामामुळे आलेला असल्याचे मान्य केले. कंपनीचा अध्यक्ष पदावरून उतरला. हाती घेतलेले काम मेलो तरी सोडू नये, असा उपदेश असलेली १९५१ सालची दहा सूत्रे नोकरांच्या पुस्तिकेतून काढून टाकण्यात आली. आणि २०१७ साली न्यायालयाने दंड केला पाच लाख येनांचा. एवढ्या मोठ्या कंपनीस ही रक्कम म्हणजे किरकोळ खर्च. परंतु या मुलीच्या आईने मौन धरले नाही, आणि २०१८ साली जादा कामावर प्रथमच दंडासह मर्यादा आली : महिन्यास ४५ तास, वर्षास ३६०. अडीअडचणीच्या प्रसंगी एखाद्या महिन्यात शंभराच्या आतपर्यंत मुभा आहे. अतिश्रमाचा मृत्यू ओळखताना सरकार जे माप लावते तेही एका महिन्यात शंभर तासांचेच आहे. मृत्यूची रेषा तीच कायद्याची मर्यादा कशी, असा आक्षेप मृतांच्या कुटुंबीयांनी घेतला, आणि त्यास समाधानकारक उत्तर आम्हांस सापडले नाही.

मग २०२० ची महामारी आली. १९९८ साली पुरुषांचे जे झाले ते आता स्त्रियांचे झाले. आत्महत्येने गेलेल्या पुरुषांचा आकडा आदल्या वर्षी १४,०७८ होता, तो १४,०५५ झाला. स्त्रियांचा ६,०९१ वरून ७,०२६ वर गेला. नोकरी करणाऱ्या स्त्रियांत ही वाढ विशेष आढळली. उपाहारगृहे, दुकाने, हॉटेले प्रथम बंद पडली, आणि तेथे कच्च्या नोकरीवर होत्या त्या मुख्यतः बायका. जपानातील नोकरदार स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक अशाच कच्च्या नोकरीवर असतात. शाळा बंद झाल्या तेव्हा मुले घरी आली ती त्यांच्याच जवळ. २०२१ च्या सरकारी पाहणीत सहा वर्षांखालील मूल असलेल्या घरी बायकोचे घरकाम व संगोपन दिवसास सात तास अठ्ठावीस मिनिटे भरले, नवऱ्याचे एक तास चोपन्न मिनिटे.

आता शेवटची एक गोष्ट, आणि ती रुक्ष कागदपत्रांतील असली तरी आमच्या मते फार महत्त्वाची आहे. मनाचा आजार किंवा आत्महत्या कामामुळे झाली की नाही, हे ठरविण्यासाठी जपानी सरकारने १९९९ साली नियम केले आणि २०११ साली ते सुधारले. त्यांत दोन याद्या आहेत. पहिलीत कामावरील प्रसंग : अपघात, नुकसान, बदली, वरिष्ठाचा जाच, तासांची वाढ; प्रत्येकापुढे भार किती ते लिहिलेले. दुसरीत कामाबाहेरचे प्रसंग : नवराबायकोतील बेबनाव, गरोदरपण, घरच्या माणसाचे गंभीर दुखणे, पैशाची अडचण. पहिल्या यादीतील भार कुटुंबाच्या दाव्याच्या बाजूने तोलतात. दुसरीतील भार जड भरले तर दावा दुबळा होतो. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. कारण ठरवावयाचे तर काहीतरी वेगळे काढावेच लागते. परंतु ज्या बाईचे दोन्हीकडचे काम एकाच दिवसात, एकाच शरीराने होते, तिच्या बाबतीत घरचा भार केवळ मोजणीतून सुटतो एवढेच नव्हे. तो दुसऱ्या पारड्यात जाऊन बसतो. इशिहाराच्या मुली गावी जाऊन मरत आणि म्हणून गिरणीच्या वहीतून सुटत. त्या वहीशी या दुसऱ्या यादीचे नाते आम्हांस फार जवळचे दिसते.

२०२३ च्या सप्टेंबरात हे नियम पुन्हा सुधारण्यात आले. गिऱ्हाइकाकडून होणारा त्रास हा प्रसंग पहिल्या यादीत नव्याने घातला गेला. दुकानांत, इस्पितळांत आणि वृद्धांच्या शुश्रूषागृहांत काम करणाऱ्या बहुसंख्य स्त्रियाच असल्यामुळे हा बदल लहान म्हणता येणार नाही. दुसरी यादी कायम राहिली.